ऑनलाइन लिलावात भाव ठरवतं दुसरं गिऱ्हाईक. ते लिस्टिंगपर्यंत येतं कसं?

साल 2007. अमेरिकेत ईबेवर एका जुन्या बिअरच्या बाटलीचा लिलाव झाला. बाटली न उघडलेली, आत बिअर तशीच. ही बिअर साधीसुधी नव्हती. 1852 साली आर्क्टिकच्या बर्फात हरवलेल्या फ्रँकलिन मोहिमेच्या शोधासाठी ब्रिटिश जहाजं निघाली होती, त्यांच्यासाठी ती खास बनवून घेतलेली. बनवणाऱ्या कंपनीचं नाव 'ऑलसॉप'. या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'पी' हे अक्षर दोनदा येतं. विकणाऱ्याने लिस्टिंगच्या नावात एकदाच टाकलं.

बाटली 304 डॉलरला गेली.

विकत घेणाऱ्याने नंतर तीच बाटली पुन्हा ईबेवर टाकली. यावेळी स्पेलिंग बरोबर होतं, बाटलीचा इतिहास सविस्तर दिला होता. दीडशेच्या वर बोली आल्या आणि शेवटचा आकडा गेला 5,03,300 डॉलरवर! जगभर बातम्या झाल्या. नंतर कळलं की शेवटची बोली टवाळखोरी होती, एवढे पैसे कुणी भरलेच नाहीत. त्यामुळे 'एका अक्षराने पाच लाख डॉलर बुडाले' हे सोशल मीडियावर फिरणारं वाक्य काही खरं नाही. पण गर्दी खरी होती. पहिल्या वेळी हीच गर्दी शोधाच्या चौकटीत बरोबर स्पेलिंग टाकत होती, आणि बाटली त्यांना दिसतच नव्हती.

ऑनलाइन लिलावात वस्तूला चांगला भाव का येतो किंवा का येत नाही, हे समजून घ्यायला या बाटलीपासून सुरुवात करणं सोयीचं आहे.

आधी बोलीचं गणित

लिलाव म्हटलं की डोळ्यासमोर येतो हातोडा आणि 'एक वार, दोन वार, तीन वार'. ईबेवर असं होत नाही. तिथे तुम्ही तुमची जास्तीत जास्त किंमत एकदाच टाकून ठेवता. ती बाकी कुणाला दिसत नाही. पुढे कुणी तुमच्यावर बोली लावली की सिस्टीम तुमच्या वतीने बोली थोडी थोडी वाढवत जाते, तुमची मर्यादा येईपर्यंत.

समजा एका जुन्या मनगटी घड्याळासाठी एकाने 80 डॉलरची मर्यादा टाकली आणि दुसऱ्याने 50 ची. घड्याळ पहिल्यालाच मिळणार, पण 80 ला नाही. दुसऱ्याच्या 50 वर एक पायरी, म्हणजे 51 डॉलरला. आता 75 डॉलर द्यायला तयार असलेला तिसरा माणूस आला तर? घड्याळ त्याच पहिल्या माणसाला जाईल, पण 76 डॉलरला. आणि पहिल्या माणसाशिवाय कुणीच आलं नाही तर घड्याळ सुरुवातीच्या किमतीला जाईल, मग ती एक डॉलर का असेना.

थोडक्यात, विकणाऱ्याला पैसे पहिल्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकामुळे मिळत नाहीत, दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकामुळे मिळतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी अशा 'दुसऱ्या किमतीच्या' लिलावाचा सिद्धांत 1961 साली मांडला होता. 1996 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून लिस्टिंगचं डिझाइन म्हणजे रंगीबेरंगी फॉन्ट किंवा सजावट नाही. वस्तू मनापासून हवी असणारा आणखी एक माणूस तिथे पोहोचावा आणि पोहोचल्यावर त्याने शंका न येता मोठा आकडा टाकावा, एवढ्यासाठी केलेली ती मांडणी आहे. यात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे सापडणं, दुसरं म्हणजे विश्वास वाटणं. बहुतेक लोक दुसऱ्यावर मेहनत घेतात आणि पहिल्यातच नापास होतात.

नाव: 80 अक्षरांची जागा

ईबेवर लिस्टिंगच्या नावाला 80 अक्षरांची मर्यादा आहे. 2011 पर्यंत ती 55 होती. स्पेससुद्धा त्यातच मोजली जाते.

या जागेत काय टाकायचं? जे गिऱ्हाईक शोधताना टाइप करेल ते. ब्रँड, मॉडेल नंबर, साल, साइज, रंग, वस्तू कशाची बनली आहे. काय टाकायचं नाही? 'अप्रतिम', 'वॉव', 'एकदा बघाच'. 'अप्रतिम' असं टाइप करून कुणी घड्याळ शोधत नाही. ईबेच्या सुरुवातीच्या काळात 'लुक' या इंग्रजी शब्दातल्या दोन 'ओ'च्या जागी ॲट द रेटची दोन चिन्हं टाकायची पद्धत होती, म्हणजे दोन डोळे वटारल्यासारखे दिसायचे. तेव्हा ती गंमत वाटायची. आज ती चार अक्षरं म्हणजे फुकट घालवलेली जागा.

'रेअर' हा शब्द तर इतका वापरला गेलाय की संग्राहक तो वाचतही नाहीत. वस्तू खरंच दुर्मीळ असेल तर ते सांगायचं काम साल आणि मॉडेल नंबर करतात.

स्पेलिंगचं तर वर बघितलंच. आताचं सर्च इंजिन बऱ्याच चुका स्वतः सांभाळून घेतं. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. चुकीच्या स्पेलिंगमुळे पडून राहिलेली लिस्टिंग्ज शोधून देण्यासाठी खास वेबसाइट्स बनल्या होत्या. म्हणजे विकणाऱ्याच्या टायपिंगच्या चुकीवर दुसऱ्या कुणाचा तरी धंदा चालायचा.

नावाबरोबर आणखी एक कंटाळवाणा भाग असतो, तो म्हणजे माहितीच्या चौकटी: ब्रँड, साइज, रंग, स्थिती. अनेक जण त्या रिकाम्या सोडतात. पण गिऱ्हाइकाने बाजूच्या फिल्टरमध्ये 'साइज 9' वर टिक केली की साइज न भरलेले बूट यादीतून गायब होऊ शकतात. बूट नऊ नंबरचेच असले तरी.

फोटो: हातात घेऊन बघण्याची जागा

बाजारात आपण वस्तू उलटीपालटी करून बघतो. भांडं वाजवून बघतो, साडीचा पदर उलगडतो, घड्याळ कानाला लावतो. ऑनलाइन लिलावात हे सगळं काम फोटोला करावं लागतं.

ईबेवर आता एका लिस्टिंगला 24 फोटो टाकता येतात. फोटोची लांब बाजू किमान 500 पिक्सेल हवी, 1600 असेल तर उत्तम, कारण मग गिऱ्हाइकाला झूम करून बघता येतं. फोटोला चौकट काढायला आणि त्यावर 'फ्री शिपिंग' वगैरे मजकूर लिहायला मनाई आहे. इन्स्टाग्रामच्या सवयीने फोटोवर स्टिकर टाकणाऱ्यांना हे जड जातं. पण शोधाच्या यादीत तो फोटो बोटाच्या पेराएवढा दिसतो. त्यावरचं काहीच वाचता येत नाही, वस्तू मात्र झाकली जाते.

पहिला फोटो साध्या, एकरंगी पार्श्वभूमीवर, वस्तू पूर्ण फ्रेममध्ये आणि खिडकीच्या उजेडात काढलेला असावा. फ्लॅश चमकदार धातूवर आणि काचेवर हमखास घोटाळा करतो. पुढचे फोटो मागची बाजू, तळ, शिक्का, लेबल, सिरियल नंबर यांचे. आणि मग सगळ्यात महत्त्वाचे, जे टाकायला विकणाऱ्याचा हात आखडतो: ओरखडा, चीर, डाग, तुटलेला कोपरा.

व्यंग दाखवल्यावर भाव पडेल असं वाटणं साहजिक आहे. पण जुन्या गाड्यांच्या लिलावांचा अभ्यास वेगळंच सांगतो. अर्थशास्त्रज्ञ ग्रेगरी लुईस यांनी 'ईबे मोटर्स'वरच्या लिस्टिंग्जचा अभ्यास केला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता: समोर न बघता, चालवून न बघता लोक दुसऱ्या शहरातली सेकंडहँड गाडी घेतात कशी? उत्तर निघालं फोटो आणि वर्णनात. विकणारा जे दाखवतो आणि लिहितो, ते एका अर्थाने करारासारखं काम करतं. दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं, असं झालं तर गिऱ्हाइकाच्या हातात पुरावा असतो. त्यामुळे फोटो आणि मजकुरातून मिळणाऱ्या माहितीचा थेट परिणाम किमतीवर दिसतो.

उलट बाजूने बघा. जुन्या गाडीच्या दाराचा फोटोच नसेल तर गिऱ्हाईक काय समजतं? दार चांगलं आहे म्हणून फोटो काढायचा राहिला, असं कुणी समजत नाही. दार गंजलंय म्हणून लपवलं, असंच समजतात. दिसत नाही त्याची किंमत गिऱ्हाईक स्वतःच्या मनाने कापतं, आणि ही कपात खऱ्या व्यंगापेक्षा बऱ्याचदा मोठी असते.

वर्णन, आणि बिघडलेला लेझर पॉइंटर

ईबेची सुरुवात 1995 च्या सप्टेंबरमध्ये झाली. तेव्हा नाव होतं 'ऑक्शनवेब'. संस्थापक पिअर ओमिडियार यांनी त्यावर स्वतःचा एक लेझर पॉइंटर टाकला. तो बिघडलेला होता, आणि बिघडलेला आहे असं लिहूनच टाकला होता. तरीही 14.83 डॉलरला गेला. ओमिडियार यांनाच विश्वास बसेना. त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, 'तो बंद आहे हे कळलंय ना?' उत्तर आलं की आपण बिघडलेले लेझर पॉइंटरच गोळा करतो.

ईबेच्या जन्माची आणखी एक गोड गोष्ट खूप वर्षं सांगितली जायची. ओमिडियार यांच्या होणाऱ्या बायकोला 'पेझ' गोळ्यांच्या डब्या जमवायच्या होत्या म्हणून ही साइट काढली, अशी ती गोष्ट. ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती हे पुढे कंपनीच्याच माणसांनी मान्य केलं. लेझर पॉइंटरची गोष्ट मात्र खरी आहे, आणि विकणाऱ्याच्या जास्त कामाची. 'बिघडलेला' हा शब्द लिहिला नसता तर योग्य गिऱ्हाईक आलंच नसतं. जे आलं असतं, ते भांडायला परत आलं असतं.

चांगलं वर्णन कसं असतं? जुन्या फाउंटन पेनचं उदाहरण घ्या. 'सुंदर व्हिंटेज पेन, उत्तम स्थिती, कलेक्टर्स पीस' हे वर्णन काहीच सांगत नाही. 'टोपणाला बारीक चीर आहे (फोटो 6). निब सरळ आहे. आतली रबरी पिशवी कडक झाली आहे, बदलावी लागेल. शाई भरून बघितलेलं नाही. टोपणासह लांबी 13 सेंटिमीटर.' हे वर्णन वाचून पेनप्रेमी माणूस मनातल्या मनात दुरुस्तीचा खर्च धरतो आणि आपला आकडा ठरवतो. त्याला विचारायला काही उरत नाही. लिलावात प्रश्न विचारायचा राहिला की बोलीही राहते.

माहिती नसेल तर तसं लिहावं. 'चालू आहे की नाही तपासलेलं नाही' हे वाक्य चालतं. 'माझ्या मते चालू असावं' हे वाक्य वादाला आमंत्रण आहे.

सजावटीचा प्रश्न आता जवळपास संपलाच आहे. एकेकाळी लिस्टिंग उघडलं की गाणं वाजायचं, मागे तारे चमकायचे. 2017 पासून ईबेने वर्णनातल्या फ्लॅश, जावास्क्रिप्ट अशा हलत्या गोष्टी बंद केल्या. मोबाईलवर तर वर्णनाचा सुरुवातीचा तुकडाच आधी दिसतो, पूर्ण वाचायला आणखी एकदा टॅप करावं लागतं. म्हणून 'आमच्या दुकानात स्वागत आहे' शेवटी, आणि चीर, माप, साल आधी.

सुरुवातीची किंमत किती ठेवायची?

इथे अनेकांची झोप उडते. 99 सेंट ठेवले आणि तेवढ्यालाच गेली तर?

गिलियन कू, ॲडम गॅलिन्स्की आणि कीथ मर्निगन या संशोधकांचा 2006 चा अभ्यास यावर बराच प्रकाश टाकतो. नेहमीच्या खरेदी-विक्रीत पहिला आकडा मोठा सांगितला की शेवटचा आकडाही मोठा राहतो. दादर किंवा तुळशीबागेत घासाघीस केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. लिलावात मात्र त्यांना उलटं दिसलं. कमी किमतीने सुरुवात केली की शेवट वर जातो. कारण कमी आकडा बघून जास्त लोक आत येतात, एकदा बोली लावली की त्यात जीव गुंततो, आणि आधीच आलेल्या बोली बघून नव्या माणसाला वाटतं की वस्तूत काहीतरी दम आहे.

पण याला एक मोठी अट आहे, आणि रील्समध्ये टिप्स देणारे ती हमखास गाळतात. गर्दी यायला वाट मोकळी असेल तरच हे चालतं. नाव चुकलं असेल, वस्तू कुणाला सापडतच नसेल, तर कमी सुरुवात म्हणजे कमी शेवट. ऑलसॉपची बाटली आठवा.

म्हणून वस्तू बघून ठरवावं. लोकप्रिय मॉडेलचा कॅमेरा, गाजलेला गेम, ज्याला रोज शेकडो लोक शोधतात, त्याची सुरुवात कमी ठेवली तर बिघडत नाही. पण जगात मोजक्या लोकांना हवी असलेली वस्तू असेल, समजा एखाद्या बंद पडलेल्या शिलाई मशीनचा सुटा भाग, तर त्या आठवड्यात एकच गिऱ्हाईक येण्याची शक्यता जास्त. तिथे ज्याच्या खाली विकायचीच नाही, तीच किंमत सुरुवातीला ठेवावी.

मग राखीव किंमत का ठेवू नये? म्हणजे सुरुवात कमी दाखवायची आणि 'याच्या खाली देणार नाही' हा आकडा गुप्त ठेवायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. रमा कातकर आणि डेव्हिड रायली यांनी पोकेमॉन कार्डांच्या 50 जोड्या ईबेवर विकून हे तपासलं. प्रत्येक जोडीतल्या एका कार्डाला गुप्त राखीव किंमत, दुसऱ्याला तेवढीच पण उघड सुरुवातीची किंमत. गुप्त किंमत ठेवलेल्या कार्डांची विक्री कमी झाली, गंभीर गिऱ्हाइकं लांब राहिली आणि अपेक्षित किंमतही घसरली. 'राखीव किंमत गाठलेली नाही' अशी ओळ दिसली की माणूस विचार करतो, इथे वेळ कशाला घालवायचा.

पोस्टेजचा खेळ

तनजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी नव्याकोऱ्या सीडी आणि एक्सबॉक्सच्या गेम्स विकून आणखी एक गंमत दाखवली. एका लिस्टिंगमध्ये सुरुवात 4 डॉलर आणि पोस्टेज फुकट. दुसऱ्यात सुरुवात 1 सेंट आणि पोस्टेज 3.99 डॉलर. हिशेब एकच. तरी दुसऱ्या प्रकारात जास्त लोक आले आणि एकूण पैसेही बहुतेक वेळा जास्त मिळाले. लोक सुरुवातीचा आकडा बघतात, पोस्टेज मनात नीट मिळवत नाहीत. मात्र सीडीसारख्या स्वस्त वस्तूला 6 डॉलर पोस्टेज लावलं तेव्हा ही जादू चालली नाही.

हे वाचून पोस्टेज फुगवायला निघालेल्यांसाठी पुढची माहिती. 2011 मध्ये ईबेने विक्रीचं कमिशन पोस्टेजच्या रकमेवरही लावायला सुरुवात केली, त्यामुळे ती पळवाट बरीचशी बंद झाली. जे शिल्लक राहतं ते साधं आहे: पोस्टेज आधीच स्पष्ट लिहा. 'खर्च नंतर कळवू' असं लिहिलेल्या लिस्टिंगवर अनोळखी माणूस बोली लावत नाही.

कधी संपवायचा?

लिलाव रविवारी संध्याकाळी संपवा, हा सल्ला जवळपास प्रत्येक ठिकाणी मिळतो. तर्क बरोबर वाटतो, लोक घरी असतात. पण युरी सायमनसन यांनी 2010 च्या एका पेपरमध्ये दाखवलं की विकणारेही नेमका हाच विचार करतात. गिऱ्हाइकं वाढतात त्यापेक्षा जास्त प्रमाणात त्या वेळेला संपणारे लिलाव वाढतात. परिणाम असा की गर्दीच्या तासांत विकलं जाण्याचं प्रमाण आणि किंमत दोन्ही कमी. तुमच्यासारखीच वस्तू त्याच रात्री आणखी दहा जण विकत असतील, तर ती रात्र टाळलेलीच बरी. वस्तू एकमेव असेल तर मात्र संध्याकाळची गर्दी तुमच्या बाजूची.

भारतातून अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांनी घड्याळ उलटं लावायचं असतं. न्यूयॉर्कमध्ये रविवारी रात्री नऊ वाजले की आपल्याकडे सोमवारची पहाट संपून साडेसहा झालेले असतात, अमेरिकेतल्या हिवाळ्यात साडेसात. भारतीय वेळेनुसार रात्री नऊला सुरू केलेला सात दिवसांचा लिलाव न्यूयॉर्कमध्ये सकाळी साडेअकराला, तिथल्या हिवाळ्यात साडेदहाला संपतो.

किती दिवस ठेवायचा याबद्दल जुन्या अमेरिकन नाण्यांच्या लिलावांवरचा एक अभ्यास आहे. त्यात तीन-पाच दिवसांच्या तुलनेत सात दिवसांच्या लिलावात सुमारे 24 टक्के आणि दहा दिवसांच्या लिलावात सुमारे 42 टक्के जास्त किंमत दिसली. हे आकडे 1999 च्या काळातले आहेत, तेव्हा लोक दिवसातून एकदा कॉम्प्युटर उघडायचे. आज तेच टक्के मिळतील असं समजू नये. दिशा मात्र पटण्यासारखी आहे: विरळ गिऱ्हाईक असलेल्या वस्तूला जास्त दिवस द्यावे.

आणि शेवटच्या दिवशी कुणीच बोली लावत नाही म्हणून घाबरून लिलाव मागे घेऊ नये. ईबेवर ठरलेली वेळ झाली की लिलाव संपतो, त्यामुळे अनुभवी लोक शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली होती. ॲमेझॉनवर शेवटच्या क्षणी बोली आली तर वेळ दहा मिनिटांनी वाढायची. तिथे अशी शेवटची झुंबड बरीच कमी होती.

नाव कमावलेल्याचा फायदा

एकच वस्तू, तेच फोटो, तेच वर्णन. फक्त विकणारा वेगळा. जुन्या पोस्टकार्डांच्या एका प्रस्थापित विक्रेत्याबरोबर पॉल रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. सारखीच पोस्टकार्डं त्याच्या मूळ खात्यावरून आणि नव्या कोऱ्या खात्यांवरून विकली. गिऱ्हाइकं मूळ खात्याला 8.1 टक्के जास्त द्यायला तयार होती.

म्हणजे नव्या माणसाने पहिलीच वस्तू आजीची सोन्याची साखळी काढू नये. आधी पुस्तकं, केबल, खेळणी विकावीत, फीडबॅक जमवावा. मित्राला खोटी बोली लावायला सांगून भाव चढवणं हा शॉर्टकट अनेकांना सुचतो. ईबेवर त्याला बंदी आहे, खातं जाऊ शकतं. शिवाय मित्राचीच बोली सर्वांत वर राहिली तर वस्तू घरातच.

आपल्याकडे काय?

मुंबईतून 2000 साली सुरू झालेली 'बाझी डॉट कॉम' ही भारतातली गाजलेली लिलाव साइट. 2004 मध्ये ईबेने ती विकत घेतली. 2017 मध्ये ईबेचा भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि 14 ऑगस्ट 2018 ला ईबे डॉट इन बंद झाली. भारतातले विक्रेते आजही ईबेवरून परदेशात माल विकतात, पण देशातल्या देशात हौशी लिलाव आता मुख्यतः फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये चालतात. नाणी, पोस्टाची तिकिटं, जुनी पुस्तकं, पेनं, झाडं. तिथे बोली कमेंटमध्ये लागते, म्हणून नियम पोस्टमध्येच लिहावे लागतात: किमान वाढ किती, कुठल्या मिनिटाला संपणार, कुरिअर कुणाचं, पैसे किती वेळात. शेवटी 'मी आधी लिहिलं होतं' ही भांडणं बहुतेक वेळा संपण्याची वेळ नीट न लिहिल्यामुळे होतात.

नाण्यांच्या बाबतीत दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक, 'ही पाच रुपयांची नोट असेल तर लाखो मिळवा' असे व्हिडिओ. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो वापरून लोकांकडून कमिशन, टॅक्स या नावाखाली पैसे उकळले जात होते. 4 ऑगस्ट 2021 ला रिझर्व्ह बँकेनेच निवेदन काढून सांगितलं की बँक अशा व्यवहारांत पडत नाही आणि कुणाकडूनही असं शुल्क मागत नाही. विकण्यासाठी आधी पैसे भरायला सांगणारा माणूस हा गिऱ्हाईक नसतो.

दोन, कायदा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं, मूर्ती, चित्र हे पुरावशेषात मोडतं. हस्तलिखितांसाठी ही मुदत 75 वर्षं आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि देशात तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. आजोबांच्या पेटीत सापडलेली शिवराई अमेरिकेतल्या संग्राहकाला पाठवणं हा गुन्हा आहे, लिस्टिंग कितीही चांगलं असो.

शंभर वर्षांच्या आतल्या वस्तूचा भाव काढायचा असेल तर ईबेवर शोधताना 'सोल्ड आयटम्स' हा फिल्टर लावा. व्हिडिओत दाखवलेला स्क्रीनशॉट बहुतेक वेळा कुणीतरी मागितलेल्या किमतीचा असतो, आणि मागायला कुणी काहीही मागतं. फिल्टर लावल्यावर दिसते ती प्रत्यक्ष विक्रीची किंमत. त्यातली वरची दोन-तीन लिस्टिंग्ज उघडून नाव कसं लिहिलंय, पहिला फोटो कुठला आहे, व्यंग कसं सांगितलंय ते बघा. मग त्याच वस्तूची सगळ्यात स्वस्त गेलेली दोन-तीन उघडा.